राहत्या घराचा हुकूम

आई, शेजारची सून अखेर काल तिच्या घरात गेली. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती ओतूरला आमच्या आळीत लग्न होऊन आली, त्यामुळे तुला ती माहीत नाही. नवऱ्यानं हात पिरगाळून बाहेर काढलं, तेव्हा ती माझ्याकडे आली. आता यासाठी कायदा आहे, आई. मारणाऱ्याला कोर्ट अडवू शकतं, आणि घर बाईच्या नावावर नसलं तरी तिला असं हाकलून देता येत नाही. दोन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, असंही त्यात आहे. ते ऐकून मला केवढा धीर आला होता! मग जुन्नरच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. कधी त्याचा वकील नाही, कधी साहेब रजेवर. कांद्याची लावण झाली, काढणी झाली, तरी आम्ही आपल्या सकाळच्या एसटीनं जातोय आणि हात हलवत परत येतोय.

त्या बाकड्यावर बसले की तुझा तो दिवस आठवायचा. ओठ फुटलेला, आणि तू मला घेऊन आणे गावाला, तुझ्या माहेरी निघालेली. आजोबा आपल्याला जेवू घालतात आणि हात धुता धुता तुला म्हणतात, "नांदत्या बाईनं असं यायचं न्हाई. सकाळच्या गाडीनं माघारी जा." सकाळच्या गाडीनं तू मला घेऊन परत निघालीस. घरी येऊन पीठ मळायला बसलीस. तेव्हा असा कायदाच नव्हता, अशी मी मनाची समजूत घालत आले.

पण काल तर अखेर मिळालेला कोर्टाचा हुकूम हातात होता, तरी दाराला कुलूप. सोबत आलेला हवालदार उलट तिलाच म्हणतो, "ताई, घरातलं भांडण हाय, समजुतीनं घ्या ना." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, "साहेब, लई वर्सं समजुतीनंच घेतलं. म्हणून तर कोर्टात जावं लागलं. आधी कुलूप उघडाया सांगा." तेव्हा कुठं त्यानं नवऱ्याला फोन लावला. नवरा आला, कुलूप काढून निघून गेला. तिला मिळाली मागची खोली, तीही लाइटची वायर तोडून ठेवलेली. मारू नये, हाकलू नये, असं हुकुमात आहे. वायरीचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे इथंच. एक मात्र मी तिलाही सांगितलेलं नाही. दार उघडलं तेव्हा ती चप्पल काढायला वाकली होती, आणि तिच्या आधी मीच आत पाऊल टाकलं.