बेटांची केबल

नाना, त्या सकाळी धुणं आटोपून मी डाळ शिजायला लावली, तोच तुम्ही कागदी नळ्यांचं पुडकं वाळवायला हातात दिलंत. टेलिफोनच्या केबलीतल्या तारांच्या प्रत्येक जोडावर अशी एक नळी सरकवायची. तिला ओल लागली की सगळा जॉइंट गेला, हे आपल्या घरात लहानपणापासून माहीत. पण उन्हात वाळवायच्या तर राखत बसावं लागे, शेजारची शेळी कागद खायची. मला हातातलं पुस्तक संपवायचं होतं. मी पुडकं स्टोव्हवरच्या फळीवर ठेवलं. खालून डाळीची वाफ लागली, कागद मऊ पडला, हे कळूनही तसंच बांधून दिलं. तुम्ही नेहमी एक नळी गरम मेणात बुडवून ओलीचा फेस येतो का पाहायचात. घरून आलेल्या नळ्यांतली एकही तपासली नाहीत.

पांझरेच्या पुलापाशी मारलेला तो जॉइंट चौथ्या दिवशी गेला, देवपूरचे फोन बंद पडले. त्याच आठवड्यात तुमची निवड झाली होती. तीन लहान बेटांना समुद्राच्या तळातून केबल जाणार होती, ती किनाऱ्यावर जमिनीच्या केबलीला तुम्ही जोडायची होती. तिथं बाळंतीण अडली तर निरोप होडीनं जातो, हे तुम्ही आईला दोनदा सांगितलंत. समोरच्या अक्कांनी समुद्राचं मीठ आणायला सांगितलं होतं, "नाना, येतांना मीठ लई या."

जॉइंट गेला त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, नळ्या कुठं वाळवल्यास. मी म्हटलं, उन्हात. तुम्ही आपले तळवे उलटसुलट करून पाहिलेत.

"मंग मनाच हात ओला व्हता."

बेटांच्या कामावर जळगावचा माणूस गेला. पुढं शेवटपर्यंत तुम्ही प्रत्येक तारेआधी हात पुसायचात, सोबतचे हसायचे. समुद्र पाहायचा तुमचा राहिलाच.

आता चौकाचौकात एसटीडीचे बूथ आहेत. आमचे हे गेल्यापासून मी वाचनालयात बसते, मिळेल ते वाचते. परवा समुद्रातल्या केबलींवर एक लेख मिळाला. एकदा तळाशी गेलेला जॉइंट वर काढायला जहाज लागतं, म्हणून पाण्यात सोडण्याआधी तो पुन्हापुन्हा तपासतात. वाचता वाचता तुमचे हात दिसत राहिले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मला तुमच्या रागाची भीती नव्हती. माझं वाचन बंद कराल, एवढीच होती.

त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला ऑफिसला खुलासा द्यायचा होता. तुमचं अक्षर बरं नाही, म्हणून तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेले: हाताला घाम होता, दोष माझा. तुम्ही सही केलीत. तो कागद मी ऑफिसात नेऊन दिला.