पाइपवरचा हात

मंगळवार, बेसिंगस्टोक

आज व्हिडिओ कॉलवर आर्क्टिकमधल्या त्या गावच्या वीजघराचे म्हातारे ऑपरेटर एका पाइपवर हात ठेवून बसले होते. त्यांनी विचारलं, "डिझेल इंजिन बंद केलं, की हा पाइप कशाने गरम राहणार?" इंजिनाच्याच उष्णतेवर त्यांची शाळा ऊबदार राहते, नळाचं पाणी गोठत नाही. आणि मी बावळट! डिझेल बंद करण्याच्या रिपोर्टसाठी पवनचक्क्या, बॅटऱ्या, सगळं तपासलं, पण नुसती वीजच मोजली. इथे इंग्लंडमध्ये घरं गॅसवर गरम होतात, म्हणून डोक्यातच आलं नाही. मॅनेजर म्हणतो, "फुटनोट टाक." फुटनोटने शाळा गरम होते का? उद्या माझ्या रिपोर्टवर गावाचं मतदान. सकाळी फोन करून खरं सांगायचंच. सांगेन ना? कारण कॉलवर त्यांनी विचारलं तेव्हा मी घाईघाईत म्हणाले, "ती उष्णता धरलीय आम्ही रिपोर्टमध्ये." त्यांनी मान डोलावली आणि पाइपवरचा हात काढून घेतला.