दाराजवळची जागा

२ डिसेंबर, मंगळवार

डिसेंबरचं खबरपत्र लिहून झालं. पालकांना दर महिन्याला शाळेची खबर एका पानावर द्यायची, हे खूळ माझंच. त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. एक, डोळे तपासणी गुरुवारी. दोन, अंडी न खाणाऱ्यांना केळी, नावं आधी कळवा. तीन, येळवसची, म्हणजे वेळा अमावस्येची, सुट्टी. चार, पहिलीच्या पोरांची नखं, कृपया. पाच, सहा नेहमीचंच. सात : "वर्गाच्या मागच्या भिंतीला भेग पडली आहे. पालकांनी येऊन पाहावी."

बिरादार सरांनी सातवी ओळ खोडली. "बाई, खबरपत्रात खबर द्यावं. भ्याव कामून द्यायलात?" हेडमास्तर आहेत, सही त्यांची. सहा ओळींवर सही झाली.

शाळेला खोल्या दोन. एकीचे पत्रे दोन वर्षांमागे वावटळीने नेले, तिला कुलूप. उरलेल्या एकीत पहिली ते पाचवी, एकेचाळीस पोरं, सर आणि मी. दिवाळीआधी भेगेत कागद जात नव्हता, आज वहीचा पुठ्ठा गेला.

४ डिसेंबर, गुरुवार

मारुती मिस्त्रींना बोलावून घेतलं. ही खोली त्यांच्याच हातची. मी चौथीत होते तेव्हा, ह्याच शाळेत. आम्ही पोरी रांगेत उभ्या राहून विटा द्यायचो.

त्यांनी भेगेवर आडवी पांढऱ्या सिमेंटची पट्टी मारली. "ही तडकली तर समजायचं, भित चालायली." खिळ्याने तारीख कोरली. तेवढ्यात भागीने, म्हणजे त्यांच्या नातीने (दुसरीत आहे), ओल्या सिमेंटवर अंगठा दाबला. मी रागावले. मिस्त्री हसले. "ऱ्हाऊ द्या बाई, सही झाली तिची." राहू दिला.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. निम्मी पोरं आईबापांबरोबर औरादला, अभिवादनाला. उसाच्या ट्रॅक्टरना मात्र सुट्टी नाही. दोन-दोन ट्रॉल्या, वर कानठळ्या बसतील अशी गाणी. एक गेला की हजेरीवर बारीक पांढरी भुकटी पडते. पुसली. पुन्हा गेला, पुन्हा पुसली. सर म्हणतात चुना आहे.

१० डिसेंबर, बुधवार

सरांशी भांडले. मधल्या सुट्टीत, लिंबाखाली, पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. वर कळवत का नाही? ते शांतपणे म्हणाले, "फॉर्मात रकाना हाय. वापरायजोग्या खोल्या किती. तिथं शून्य लिहिलो की शाळाच शून्य. लेकरं ओढ्यापल्याडच्या शाळेला जोडत्यात."

तीन किलोमीटर. ओढ्याला पूल नाही, नुसती फरशी. मुलगे जातील सायकलींवर. वरच्या वाडीची शाळा अशीच गेली, तिथल्या सहा मुलींपैकी एक शाळेत जाते, बाकीच्या मला बाजारात भेटतात. सरांच्या बोलण्यात चूक काढायला गेले आणि सापडली नाही. म्हणून राग जास्तच आला.

१५ डिसेंबर, सोमवार

पट्टी तडकली. केसाएवढी रेघ, वरून खालपर्यंत, भागीच्या अंगठ्याच्या शेजारून. मोबाईलवर फोटो काढला. तारीख, अंगठा, रेघ, तिन्ही स्पष्ट आहेत.

सरांना दाखवलं. चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "थंडीनं तडकलं असंल." सिमेंटला थंडी वाजते हे मला नवीन. फोटो कुणालाही पाठवला नाही. का नाही पाठवला ते

(बस आली. राहिलं.)

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

सकाळीच गावी, दादाच्या शेतात. कडब्याचं खोपटं म्हणजे कोप, तिच्यात पूजा, मग भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. वहिनीची आंबील यंदा जास्तच आंबट, पण बोलायची सोय नाही. बांधाला बांध लागून मिस्त्रींचं शेत. पिढ्यानपिढ्या मेंढरांमागं फिरलेलं घर. आता चार एकर तूर, मिस्त्रीकाम आणि हौसेपुरत्या शेळ्या.

जेवायला बसले तर मिस्त्री आले. शाळेत "बाई" म्हणतात, शेतात मी गावची लेक. "सुनंदे, भागीला जरा दाराजवळ बसव की. खोकला हाय तिला, वारं लागंल."

बरं म्हटलं. खोकला असेल तर वारं कशाला लागायला हवं, हे तोंडात उंडा असताना सुचलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

पट्टी अख्खी आहे.

तारीख तीच, ४ डिसेंबर. रेघ नाही. एक क्षण वाटलं, मलाच भास झाला होता, आणि इतकं हलकं वाटलं की पाचवीला दोन गणितं जास्त घातली. मग लक्षात आलं, अंगठा नाही.

मोबाईलमधला फोटो काढून शेजारी धरला. भागीला जवळ बोलावलं. "तुझा अंगठा कुठं गेला गं?" तिने स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला. "हाय की बाई."

२३ डिसेंबर, मंगळवार

शाळा सुटल्यावर मिस्त्रींच्या घरी. ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. विचारलं, पट्टी सरांनी बदलायला लावली का?

"सर कशाला सांगतील. मीच केलो. येळवसच्या दुसऱ्या दिवशी."

पुढचं जसं आठवतं तसं. "शाळा गेली तर ही पोरगी शेळ्यामागं जाईल बाई. माझ्या दोन लेकी गेल्या. एकीला सही येत न्हाई अजून." मी म्हटलं, आणि भिंत? त्यांनी सोललेले दाणे सुपात टाकले. "पाया कमी झाला तवाच. काळी माती हाय. पावसात फुगती, उन्हात फाटती. मी बोललो तवा. मिस्त्रीचं कोन ऐकतंय."

किती दिवस निघतील?

"ते कसं सांगू? मनून तर दाराजवळ बसवा म्हनलो."

बसमध्ये रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. औरादला उतरेपर्यंत मोबाईलमधला तो फोटो बघत होते. त्या माणसाचा राग यायला हवा, येतोही, पण मी तरी त्या फोटोचं काय केलं?

२९ डिसेंबर, सोमवार

अक्कल चालवली. सगळी शाळा लिंबाखाली. जानेवारीच्या खबरपत्रात पहिलीच ओळ : "नवीन उपक्रम, झाडाखालची शाळा. पोरांनी बसायला पोतं आणावं." सरांनी लगेच सही केली, इतकी लगेच की त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

पोरं खूश. शेळ्या येऊन पहिलीची अक्षरं ऐकून गेल्या. कडुलिंबाची काटकी डोक्यात पडली तर किती लागतं, ह्यावर चौथीने निबंध लिहिला. स्वतःवर जाम खूश झाले आज. कुणाला काही कळवायला नको, फॉर्मही भरायला नको आणि पोरं बाहेर.

५ जानेवारी, सोमवार

संपलं. वरून हुकूम आहे, रोज साडेदहाला वर्गाचा फोटो पाठवायचा, पोरं वर्गात बसलेली, मागे फळा. सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "भरून घ्या बाई आत." आभाळही आलेलं, पोतीही ओली झाली होती.

फळा त्याच मागच्या भिंतीवर आहे, दाराच्या समोर.

भागीला दाराजवळ बसवलं. सांगितलं होतं ना, बरं म्हणून.

९ जानेवारी, शुक्रवार

रंजनाताई कांबळे आमचा भात-आमटी करतात, त्यांची समीक्षा चौथीला. आज पातेलं उतरवता उतरवता म्हणाल्या, "बाई, समीक्षाला दाराकडं घ्या की. तिला फळा लांबून चांगला दिसतो."

त्यांच्या नजरेकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भेग त्या रोज बघतात, चूल भिंतीच्या पलीकडेच आहे. म्हटलं, ताई, सरळ बोला. "सरळ बोलून काय करू? मोठ्या मुश्किलीनं इथवर शिकायली ती. शाळा बंद करा म्हनू का मी?"

बुधवारपासून सातवी मागणी. एकाला खिडकीचं ऊन लागतं, एकीला गुदमरतं, एकाला सारखं बाहेर जावं लागतं. भिंत म्हणून कुणी म्हणत नाही. भागी दाराजवळ का, हे मिस्त्रींच्या बायकोनेच सांगितलं असणार, तिचं तोंड कुठवर पोहोचतं ते कळलं. गावाला सगळं ठाऊक आहे. मी मात्र सातवी ओळ उराशी धरून बसले होते.

१३ जानेवारी, मंगळवार

दाराजवळ सात पोरं बसतात, दाटीने नऊ. आज तिथे चौदा. फोटोत एक बाजू भरलेली आणि एक मोकळी दिसते म्हणून सर कुरकुरले.

मागे भिंतीखाली कोण राहिलं ते हजेरीवरून पाहिलं. काशी, रुक्मिणी, तिसरीतली दोघं भावंडं. चौघांचेही आईबाप ऊसतोडीला गेलेत, फाल्गुनापर्यंत येत नाहीत. म्हाताऱ्या आज्यांकडे आहेत पोरं. त्यांच्यासाठी जागा मागायला कुणी आलं नाही, म्हणून ती मागे. आणि तसं बसवलं कुणी? मीच. जो येईल त्याला हो म्हणत गेले.

आणखी एक. लिहायला नको वाटतं. दुपारी भागीने विचारलं, "बाई, तुम्ही आत कामून येत न्हाईत?" मी म्हटलं, आतच आहे की. "न्हाई. तुम्ही रोज उंबऱ्यावर हुभारता."

खरं आहे. फळ्यावर लिहायला पाचवीच्या मुलांना पाठवते. आठ दिवस झाले. अगदी शपथ घेऊन सांगते, मला माहीत नव्हतं. लाज वाटली.

१६ जानेवारी, शुक्रवार

पत्र आलं. मंगळवारी २० ला अकरा वाजता इंजिनियर खोली पाहायला. वापरायजोगी म्हणाले तर दुरुस्तीचा प्रस्ताव, नाही म्हणाले तर रकान्यात शून्य.

पालकांची सभा तातडीने, चार वाजता. इतके पालक पंधरा ऑगस्टलाही येत नाहीत. सगळ्यांचं एकच, शाळा गावातच पाहिजे. टाळ्याही झाल्या. भिंत चांगली आहे असं कुणी म्हटलं नाही, वाईट आहे असंही नाही. रविवारी चुना मारून घ्यायचं ठरलं, वर्गणी नको, सगळे हात लावतील. मिस्त्री कोपऱ्यात बसून होते. सरांनी नाव घेऊन विचारलं, मिस्त्री, तुमचं काय? "पट्टी हाय की तिथं," म्हणाले. "तारीख बघा म्हनावं."

सभा आत घेतली होती. सगळे दाराशी दाटीवाटीने उभे होते. सतरंजी रिकामी.

१९ जानेवारी, सोमवार

भिंत पांढरी शुभ्र. भेग शोधावी लागते. पट्टीवर चुना नाही मारला, तेवढी सोडली, तारीख दिसावी म्हणून. रविवारचाच चुना, आणि आज सकाळी वरच्या कोपऱ्यात त्यालाही रेघ.

फेब्रुवारीचं खबरपत्र आजच लिहिलं. दात तपासणी, वनभोजन, पाचवीचा निरोप. सात : "वर्गाची मागची भिंत सरकते आहे. ४ डिसेंबरला लावलेली पट्टी अकरा दिवसांत तडकली होती, नंतर ती बदलली. फोटो खाली." सरांपुढे ठेवलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सातवी ओळ दोनदा वाचली असावी, तेवढा वेळ गेला. टोपण परत लावलं. खोडली नाही, सहीही नाही. "बाई, उद्या मिस्त्रींचं तोंड बघायचं हाय तुम्हाला. रंजनाबाईचंबी. भागीचंबी." मग पेन खिशात ठेवत, "माझी दोन वर्सं ऱ्हायली. माझं सोडा."

येताना औरादला झेरॉक्स काढल्या. एकेचाळीस घरोघरी द्यायला, आणि वरची एक इंजिनियरसाठी. दप्तरातच आहेत. पोरं दहाला येतात, इंजिनियर अकराला. मधला एक तास आहे. वाटल्या तर भागी शेळ्यामागं जाईल, आणि काशी, रुक्मिणीला आज्या कुठे ओढ्यापल्याड पाठवणार? नाही वाटल्या तर

निघण्याआधी वर्गात एक केलं. मागच्या चौघांची पोती दाराशी आणली, इतरांची दाटून घेतली, आणि भिंतीखाली माझी खुर्ची नेऊन ठेवली. बसून पाहिलं. तिथून दार किती लांब आहे ते आज पहिल्यांदा कळलं. उठून मोजलं. माझी चौदा पावलं. दुसरीच्या पोराची वीस-बावीस होतील.