डाल्याखालचा दुसरा पत्रा

आलापल्ली
१० नोव्हेंबर २००३

रफीकभाऊंना हेमराजचा सलाम.

पत्र पाहून नवल वाटेल. तुमची तब्येत बरी असावी, साबिराभाभी आणि लेकरं खुशाल असावीत. इकडे आईचे गुडघे धरतात, बाकी ठीक. बाबा मागच्या डिसेंबरात गेले, हे कानावर आलंच असेल. धान यंदा बरं आहे, कापणीला माणसं मिळत नाहीत.

दिवाळीआधी दुकानाच्या कामाने वडशाला गेलो होतो. स्टेशनच्या रस्त्यावर तुमच्या गॅरेजची पाटी दिसली, पत्ता तिच्यावरूनच उतरवून घेतला. तुम्ही एका इंजिनावर वाकलेले होता. गाडीची वेळ झाली होती म्हणून थांबलो नाही.

काम असं आहे. आपली बासष्टची पिकअप तुम्ही उघडून ठेवली होती तशीच मागच्या शेडात लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. सतरा वर्षं झाली. गावच्या मंडळींनी बाबांच्या नावाने वाचनालय काढलं आहे. चौदा डिसेंबरला, वर्षश्राद्धाच्या दिवशी, उद्घाटन. त्या गाडीतून बाबांनी किती बाळंतिणी, किती साप चावलेले चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचवले, हे लोक विसरलेले नाहीत. म्हणून बाबांचा फोटो त्याच गाडीतून मिरवत न्यायचा असं ठरलं. गाडी चालू करायची जबाबदारी माझी.

शेड उघडलं आणि मला शिसारी आली. सीट उचलायला हात घातला तो उंदरांच्या ओल्या घरट्यात गेला. गुलाबी पिलं बोटांना चिकटली. चारदा साबण लावला तरी त्या हाताने जेववलं नाही. चंद्रपूरहून एक मिस्त्री बोलावला, तर तो मडगार्डवर खर्रा थुंकत म्हणाला, नाक कापा, डिझेल इंजिन बसवा. दुसरा आला तो नुसता टायर लाथाडून गेला. अशा माणसांना गाडीजवळ उभं करवत नाही.

तुमच्याशिवाय ही गाडी कोणाला कळत नाही. येता आलं तर या. नाहीतर कुठला भाग कुठे बसतो एवढं तरी लिहून पाठवा. कार्बोरेटर आणि डायनॅमो नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे. ते मी नागपूरच्या जुन्या बाजारातून बघतो. मागच्या गोष्टी मनात ठेवू नका, त्यांना फार वर्षं झाली.

भाभींना नमस्कार.

तुमचा,
हेमराज


आलापल्ली
२ डिसेंबर २००३

रफीकभाऊ,

तुमची चार पानं मिळाली. इतक्या वर्षांनी, आणि मी तसं पत्र लिहिल्यावरही, तुम्ही बिलबुकाच्या पाठीवर गिअरबॉक्सचं चित्र काढून पाठवलंत. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, कुठे रॉकेल टाकून रात्रभर ठेवायचं, सगळं. तुम्ही सांगितलं तसं केलं आणि दहा दिवसांत इंजिन हाताने फिरायला लागलं. मला फार आनंद झाला होता, हे लाज वाटली तरी लिहितो.

शेवटच्या पानावर खाली तुम्ही एकच ओळ लिहिली होती. ‘डाल्याचा पत्रा काढशील तेव्हा कोणाले सोबत घेऊ नको.’ मला वाटलं, मागच्या हौद्याचा पत्रा गंजला असेल, कोणाच्या पायावर पडेल म्हणून म्हणत असाल. पत्रा जड होता. मी बिरजूला घेतलं. बाबांचा ड्रायव्हर बिरजू, आता साठीचा झाला आहे, आमच्याच ओसरीवर पडून असतो. तो म्हणाला, ‘तो राहू द्या, वरून रंग मारू.’ मी ऐकलं नाही.

पत्र्याखाली दुसरा पत्रा निघाला. दोन्हींच्या मधे वीतभर जागा, डाल्याएवढी लांब. आत मिठाचा थर बसून दगडासारखा झाला होता, पिवळा, मधे तपकिरी डाग. त्या मिठात केस रुतलेले होते. आखूड, तांबूस, काही काळे. एक नख होतं, माझ्या अंगठ्याएवढं, वाकडं. आणि वास, भाऊ. एवढ्या वर्षांनी मीठ फुटलं तसा तो वास वर आला आणि मी शेडाच्या दारात जाऊन ओकलो.

कोपऱ्यात आमच्या दुकानाचा शिक्का असलेल्या बारदान्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. कार्बोरेटर आणि डायनॅमो. तेल लावून, सुतळीने नीट बांधून ठेवलेले.

मी बिरजूला विचारलं, किती वाघ. तो बिडी पेटवत होता. भाजी विकत घेतल्यासारखं बोलला.

‘माह्या हातानं सहा नेले. एक तं पिल्लू होतं. त्याचं कातडं आतमंदी मावलं, बाकीच्याइले मुडपा लागे.’

मग बाकीचंही त्यानेच सांगितलं. तो खालचा पत्रा सुटला होता म्हणून बाबांनी तुम्हाला तो जोडून द्यायला सांगितलं. तुम्ही आत पाहिलंत आणि म्हणालात, मी या गाडीले हात लावत नाई. दुसऱ्या दिवशी बाबांनी ठाण्यात तक्रार दिली, की रफीक मिस्त्री गाडीचं सामान चोरतो. बिरजूने हे सगळं मला तेव्हाच सांगायला हवं होतं असं मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘तुमी विचारलं कुठी?’

त्या म्हाताऱ्याची किळस वाटून मी घरात आलो. पण किळस माझ्या मागोमाग घरात आली.

कारण तो वास मला नवा नव्हता. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना मी बाबांशेजारी त्या गाडीत बसून कितीदा चंद्रपूरला गेलो. वास आला की बाबा म्हणायचे, बकऱ्याची कातडी आहेत. बकऱ्याची कातडी उघड्यावर नेता येतात, एवढं मला कळत होतं. जंगल नाक्यावरचा गार्ड माझ्या ओळखीचा, मी खाली उतरून त्याच्याशी गप्पा मारायचो. गाडी तपासायचं राहून जायचं. मला तिथे कशाला उतरवतात, हे मी कधी विचारलं नाही. मजा वाटायची, माझ्यामुळे गाडी सुटते म्हणून.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं नाही. म्हणाली, ‘त्याच मिठावर तू कालेजात गेला, तुह्या बहिणीचं लग्न झालं. तवा जेवला. आता तुले वास येऊन राह्यला?’

  तिची चीड यायला पाहिजे होती, ती आली नाही. तिने खरं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मीठ, केस, नख पिशवीत भरून वनखात्याच्या कचेरीत नेलं. साहेबांनी टेबलावर पिशवी उघडू दिली नाही. म्हणाले, माणूस वारला, आता कोणावर केस करू. मी लेखी जबाब देतो म्हणालो, तेव्हा नाइलाजाने घेतला. तिथून ठाण्यात गेलो. शहाऐंशी सालचे कागद सापडत नाहीत असं कळलं. तरी चोरी झालीच नव्हती असं लिहून दिलं आणि पोच घेतली.

मग वाचनालयाच्या मंडळाच्या बैठकीत गेलो. मिरवणुकीत बँड कोणता, यावर बोलणं चालू होतं. मी बारदाना टेबलावर सोडला आणि सगळं सांगितलं. बाबांचं, तुमचं, माझं.  गुणाबाई सरपंच, ज्यांच्या नातवाला बाबांनी त्याच गाडीतून दवाखान्यात नेऊन वाचवलं होतं, त्या तेवढ्या डोळे पुसत होत्या. मग मागून एक जण म्हणाला, ‘मेल्या माणसाचं काऊन उकरता?’ आणि सगळ्यांना बरं वाटलं. पाच मिनिटांत पुन्हा बँडवर आले. वाचनालयाला नाव तेच राहणार आहे. गाडी नसेल तर फोटो ट्रॅक्टरवर ठेवतील.

गाडी मी पुन्हा जोडणार नाही. तुम्ही लिहिलंत की गॅरेज बंद ठेवून दोन दिवस येतो. येऊ नका. त्या गाडीला तुमचा हात पुन्हा लागू नये.

आता जे पहिल्या पत्रात लिहायचं टाळलं, ते. या पत्रातही इथपर्यंत टाळत आलो.

ठाण्यात बाबांच्या तक्रारीखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. रफीकला पोत्यात सामान नेताना मी पाहिलं, असं मी लिहून दिलं होतं. बाबांनी सांगितलं म्हणून लिहिलं, आणि बाबा म्हणतात तर चोरी झालीच असेल असं धरून चाललो. हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला तिथे तीन दिवस बसवून ठेवलं. पण तिसऱ्या दिवशी साबिराभाभी आमच्या दुकानात आल्या होत्या, ते त्यांनी तुम्हाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी एकटाच होतो. तुमची लहानगी तबस्सुम कडेवर झोपली होती. भाभी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांच्या हातचं मी कितीदा जेवलो होतो. एवढंच म्हणाल्या, ‘हेमराज, तू आपल्या डोळ्यानं पाह्यलं का? एवढंच सांग, मंग मी जातो.’

मी म्हणालो, हो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पोरीच्या डोक्यावर पदर ओढला आणि गेल्या. त्यानंतर चार दिवसांत तुम्ही आलापल्ली सोडली. बाबांनी जे केलं ते बाबांचं. ते ‘हो’ माझं आहे, ते बाबांनी माझ्याकडून म्हणवून घेतलं नव्हतं. तिथे बाबा नव्हतेच.

ठाण्यात काल दिलेल्या जबाबाची नक्कल सोबत जोडली आहे. तिचा तुम्हाला आता उपयोग नाही, मला कळतं. माफी मागत नाही. तुम्ही चार पानं लिहिणारे, देऊनही टाकाल, आणि मला ती तशी नको. भाभींना मात्र त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या. मी पाहिलं नव्हतं. तुम्हीच वाचून दाखवा, तबस्सुम घरी असेल तर तिच्यासमोर.

सहीत मधे बाबांचं नाव येतं. काल जबाबावर सही करताना ते गाळावंसं वाटलं होतं. गाळून मी वेगळा होत नाही, म्हणून पूर्ण लिहितो.

हेमराज दादाजी कुनघाडकर