हो, जेवलो

१ जून, रविवार
आलो बुवा एकदाचा वाघोलीत! नववा मजला, हवा झकास, आणि खराडीचं नवीन ऑफिस हाकेच्या अंतरावर. वारज्याहून रोज जाऊन-येऊन पार पिट्टा पडला असता.

आई काही वारजं सोडायला तयार नाही. तिचं वाचनालय, तिची भिशी, शेजारचे दिगंबरकाका. गणिताची निवृत्त शिक्षिका. तिच्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? निघताना मेतकूट, लसणाची चटणी आणि डबाभर शंकरपाळे बांधून दिले, आणि दर रविवारी जेवायला यायचं असं बजावलं. मी हो म्हणालो. दिवसभर कीबोर्ड बडवायचा असतो, तेव्हा निदान रोजनिशी तरी हाताने लिहावी, म्हणून ही वही सोबत आणलीय.

११ जून, बुधवार
कंपनी नवी, काम जुनंच. कुणीतरी लिहून ठेवलेला आणि मग सोडून पळालेला प्रोग्रॅम आहे, त्याला मी ठिगळं लावतोय. हल्ली पंखा लावायलाही ॲप लागतं. आमच्या सोसायटीत दूधवाला फाटकाशी आला तरी मोबाइल बोंबलतो. हे सगळं बनवणाऱ्यांत मीही आहे, त्यामुळे शिव्या द्यायचीही सोय नाही.

विरंगुळा एकच, जुने कीबोर्ड उघडून दुरुस्त करणं. शनिवारी बुधवार पेठेतून डाग द्यायची नवी सोल्डरिंग गन आणली, आणि घाईत भलत्या बाजूने धरली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी टपोरा फोड आलाय. आईला कळवलं नाही, नाहीतर हळद लाव म्हणून दिवसभर मेसेज येतील. तसेही येतातच. दोन्ही वेळेला एकच प्रश्न: जेवलास का?

१९ जून, गुरुवार
तेच काम रोज हाताने करणारा प्रोग्रॅमर मूर्ख, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आज एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याला मी आईला पाठवलेले सगळे जुने मेसेज वाचायला दिले. आता आईने विचारलं की तोच माझ्या भाषेत उत्तर देतो: हो, जेवलो. दुपारी मी बिस्किटांवर भागवलं तेव्हाही त्याने जेवलो असंच कळवलं. आई खूश, मी मोकळा. फार दिवसांनी काहीतरी मनासारखं जमलं.

६ जुलै, रविवार
दमलोय. झोपून उठलो तरी दमलेलाच असतो.

प्रोग्रॅमने आईला परस्पर कळवलं होतं, रविवारी नक्की येतो. माझ्याच मेसेजांवरून शिकलाय, दुसरं काय म्हणणार! मीही असंच कळवायचो आणि दुपारभर लोळायचो. आजही लोळलो. तिने ताट वाढून ठेवलं असेल. वाईट वाटलं, पण उठवलं नाही.

१४ जुलै, सोमवार
सकाळी आईचा फोन आला. काल आलास, फार बरं वाटलं, म्हणाली. काल मी वाघोलीतून हललोही नाही. अळूची भाजी दोनदा मागून घेतलीस म्हणे. मी अळूला हात लावत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे, तिचा घोटाळा होणं शक्य नाही.

शेवटी दिगंबरकाकांना फोन केला. ते म्हणाले, चिरंजीव सुधारले म्हणायचे, काल चक्क जिन्यात थांबून आमची चौकशी केलीत, पिशवीही वर आणून दिलीत, तब्येत बरी आहे ना आपली? मला हसू आलं नाही.

१६ जुलै, बुधवार
प्रोग्रॅम बंद केला. पुसून टाकला. सगळे पासवर्ड बदलले. तरी दुपारी माझ्या नावाने आईला मेसेज गेला: हो, जेवलो. तू गोळी घेतलीस का?

कसली गोळी? मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. भीती वाटली, आणि लाजही.

आईला सांगितलं, मी आलो तरी दार उघडू नकोस. ती हसली. म्हणाली, तुला दार उघडू नको तर कुणाला उघडू?

लगेच जायला हवं होतं. पण आमची मॅनेजर शेफाली म्हणाली, हे एवढं काम उरकलं की जा. आणि मी — थांबलो.

२० जुलै, रविवार
आजही ऑफिस. सिस्टीम बंद पडलीय.

आईने फोटो पाठवला. वरणभात कालवणारा हात. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा चट्टा — आईला तर मी सांगितलंच नव्हतं —

फोन केला. म्हणाली, अरे, तू आत ताक करतोयस ना, मग हा फोन कुठून —

निघालो. काम गेलं खड्ड्यात.

त्याच दुपारी, वारजे
आईच्या दाराबाहेर, जिन्यात बसलोय. माझ्या अंगठ्यावर चट्टा नाही. होता. आता नाही.

काका वर आले. म्हणाले, कुणाकडे आलात आपण? आणि गेले.

बेल वाजवली. आईने जाळीच्या दारातून बघितलं. आई, मी आमोद, म्हणालो. नीट बघितलं तिने. म्हणाली, आमोद भांडी घासतोय, त्याचे मित्र का? आत पाणी वाहत होतं — भांडी — कुणीतरी माझीच शीळ घालत होतं —

मी जाळी धरून उभा राहिलो. तिला कीव आली असावी.

"फार दमलेले दिसताय. जेवलात का?"

सकाळपासून पोटात काही नाही. हेच सांगायचं होतं. आई, भूक लागलीय. एवढंच. तोंडातून आपोआप आलं —

"हो, जेवलो."

बरं, म्हणाली. आतलं दार लावलं. आतून माझाच आवाज आला, कोण होतं गं?

"कुणी नाही रे."

पुन्हा बेल वाजवतो. या वेळी खरं सांगणार. आई, मी जेवलेलो ना