मिटलेले डोळे उघडून मिळतील

१२ एप्रिल, चंद्रपूर

गाडी चांदा फोर्टला वेळेवर लागली. नागभीडपासून खिडकीची जागा मिळाल्यामुळे शर्टाची इस्त्री मोडली नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी माणूस चुरगळलेला दिसू नये, म्हणून हे मुद्दाम नमूद करतो. गावचे लोक मले-तुले बोलतात, मीही बोलतो. पण रोजनिशी शुद्ध भाषेतच लिहायची, असा माझा नियम आहे. ती भाषा मला कोणी शिकवली नाही, मीच शिकलो.

पठाणपुरा गेटजवळ सईदाचाचींकडे मागची खोली घेतली. कूलर आहे, रांजण आहे, भिंती पांढऱ्या आणि कोऱ्या. काम काय करतो, असं चाचींनी विचारलं. मेलेल्या माणसांचे मोठे फोटो करून द्यायचे, घरोघर फिरून, कमिशनवर, असं मी सांगितलं. त्या हसल्या. मग माझ्या घरी तुझा धंदा नाई होत बेटा, आम्ही भिंतीले तसबिरी लावतच नाई. चहा मात्र रोज पी, म्हणाल्या.

दुकान लटारूभाऊंचं. पाटीवर लिहिलं आहे: फाटलेले फोटो जोडून, मिटलेले डोळे उघडून मिळतील. पुष्कळ घरांत मेलेल्याचा धड फोटो नसतो. असतो तो आधार कार्डावरचा काळा डाग, नाहीतर तिरडी उचलण्याआधी कोणीतरी मोबाईलवर काढलेला, डोळे मिटलेला. तो घ्यायचा, मोठा करायचा, अंगात कोट घालायचा, डोळे उघडायचे.

ओळखपत्रासाठी भाऊंनी माझा फोटो काढला, कॅमेरा अगदी नाकाशी आणून. हसू नको, म्हणाले, तुझे डोळे बोलून राह्यले, हसून वाया नको घालू. माझ्या डाव्या डोळ्यात, पांढऱ्या भागावर, बारीक तीळ आहे. तोसुद्धा स्पष्ट उमटला.

कोपऱ्यात मुन्ना बसतो. माझ्याआधी तोच फिरायचा, आता फ्रेमला काच बसवतो. डोळे मिटून बसवतो आणि खिळा कधी चुकत नाही. मला वाटलं, ऐट आहे.

१६ एप्रिल

कामाची रीत कळली. ज्या घरच्या पुरुषाचं डोकं भादरलेलं असून वर बोटभर केस उगवले आहेत, त्या दारी थांबायचं. गुळगुळीत डोकं दिसलं तर पुढे जायचं. तेरवी व्हायची असते, लोक शिव्या देतात.

आज बल्लारपुरात पहिली ऑर्डर मिळाली. इंदुताई. नवरा झिंगू. त्यांनी मोबाईल पुढे केला. नाकात कापूस, डोळे बंद. मुलगा म्हणाला, बापू जितेपणी पण असाच झोपून राहे. इंदुताईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग दोघंही रडले.

चांगलं काम केलं तर स्वतःच्या घरची एक फ्रेम फुकट देईन, असं भाऊ म्हणाले आहेत. मी त्याचसाठी आलो आहे. गेल्या मे महिन्यात बाबा मोहाच्या झाडाखाली उभे असताना वीज पडली. आईजवळ त्यांचा आधार कार्डावरचा डाग आहे आणि माझ्या चुलतभावानं काढलेला तो मिटलेल्या डोळ्यांचा फोटो. आई तो बघत नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी भिंतीवर बाबा तिच्याकडे बघताना दिसले पाहिजेत, असं मी तिला कबूल केलं आहे.

मुन्नाला हे सांगितलं. तो म्हणाला, साऱ्या चांद्याचे बनव, घरचा नको बनवू. काऊन, विचारलं तर काच पुसत बसला. आपल्याआधीचा माणूस जळतोच, म्हणून मी सोडून दिलं.

२३ एप्रिल

इंदुताईंची फ्रेम पोचवली. त्यांनी झेंडूचा हार घातला, मागे सरकल्या आणि म्हणाल्या, पाहून राह्यले ना हो. मीही पाहिलं. झिंगूभाऊंच्या डाव्या डोळ्यात, पांढऱ्या भागावर, बारीक तीळ होता.

दुकानात येऊन विचारलं. लटारूभाऊ चिडले नाहीत. बंद डोळ्यातून डोळा कुठून काढू, म्हणाले. नव्या माणसाचे घेतो, तुझे सुंदर आहेत, तुझं काय जाते?

खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानच वाटला.

२८ एप्रिल

ऊन असं की दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही नसतं. मी असतो. संध्याकाळी पाय नाही, डोळे दुखतात; पापण्यांच्या आत धूर गेल्यासारखे झोंबतात. आज जेवून जरा डोळे मिटले, तर एक स्वयंपाकघर दिसलं. वरून, थोडं तिरकं. निळी बादली, ओट्यावर पालथं पातेलं. समोर इंदुताई हात जोडून काहीतरी सांगत होत्या. आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. परक्या बाईचं खाजगी बोलणं पाहिल्यासारखं वाटलं आणि शरम वाटली.

उन्हाचा परिणाम असावा. कांदा खिशात ठेवला.

२ मे

झोप नाही. डोळे मिटले की घरं दिसतात, आणि जितक्या फ्रेमा पोचवल्या तितकी दिसतात. कुठे लाल झिरोचा दिवा, कुठे फ्रेमवरच टांगलेल्या कॅलेंडरची पाठ, कुठे म्हातारा नुसता टक लावून बसलेला. मी त्यांच्यावरून नजर काढू शकत नाही. फोटोला पापणी नसते.

चाचींनी चहा देताना निरखून पाहिलं. तू पलक काऊन नाई झपकवत रे बेटा, म्हणाल्या. मेडिकलमधून थेंब आणून दिले. त्यांच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसलो की तेवढंच बरं वाटतं.

काम मात्र चांगलं चाललं आहे. घरात शिरलो की लोक उठून उभे राहतात. एक बाई मला पाहून डोक्यावर पदर घेऊन आत पळाली. सासऱ्यासारखा पाहते मेला, असं आतून ऐकू आलं.

५ मे

बाबांची फ्रेम झाली. सागाची पट्टी, कोपरे सरळ, काच स्वच्छ. कोट त्यांना शोभतो. डोळे माझे आहेत, पण मुलाचे डोळे बापासारखे असायला हरकत काय? मुन्नानं काच बसवताना हात मागे घेतला होता. मी दोन शब्द सुनावल्यावर बसवली.

चादरीत गुंडाळून सकाळच्या एसटीनं गावी पाठवली. वर्षश्राद्ध बारा तारखेला आहे. हार त्याच दिवशी घालायचा, आधी नाही, असं आईला फोनवर बजावलं. एवढं पाठवलं अन् तू काऊन नाई येत गोपाल, म्हणाली. येतो म्हटलं.

८ मे

खात्री करून घेतली. काल इंदुताईंच्या भिंतीवरून दिसलं की त्यांनी झेंडूचा हार काढून प्लास्टिकचा जांभळा घातला. आज बल्लारपूरला गेलो. जांभळाच आहे. पाणीही न पिता परतलो.

दिवसाढवळ्या रस्ता पुसट झाला आहे. गेटची कमान दिसते, तिच्याखालची माणसं दिसत नाहीत. भिंतीवरून सगळं लख्ख दिसतं.

मुन्नाला बोलतं केलं. त्यानं डोळे उघडून दाखवले. आत काही बिघाड नाही. फक्त ते कुठेच बघत नव्हते. म्हणाला, हार पडेपर्यंत तो कागद असते. हार पडला का तेवढी नजर तिकडं जाते. परके लोक सकाळी एकदा पाहतात अन् कामाले लागतात, म्हणून थोडी थोडी जाते. घरचं माणूस दिवसभर पाहते. माझी माय पाहत बसली ना गा. मी भावाचा बनवला होता.

उतरवला काऊन नाई, विचारलं. तो हसला. हार घातलेला फोटो कोणाची माय उतरवू देते?

१० मे

आईचा फोन लागत नाही. गावात टॉवर नाही, टेकडीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही. शेजारच्या रंजीताच्या नंबरवर निरोप ठेवला: हार घालू नका, मी येतो, तोवर हार घालू नका. कारण काय सांगणार?

लटारूभाऊंना सोडून जातो म्हटलं. जा, म्हणाले. दुकानात एक नवीन पोरगा आला आहे, भाऊ त्याला हसू नको म्हणत होते.

चाचींनी हात धरून ऑटोत बसवलं. भाडं घेतलं नाही. अम्मीले बोल पहिले, फोटोले नको पाहू, एवढंच म्हणाल्या. त्यांना कसं कळलं —

११ मे, नागभीड

स्टेशनवरच थांबलो. गाडीत नुसता उजेड-अंधार कळत होता. ओळी सरळ येतात की नाही माहीत नाही. बोट आडवं धरून लिहितो.

आमचं घर अजून दिसलेलं नाही. म्हणजे हार पडलेला नाही. डोळे मिटून पुन्हा पुन्हा तेवढंच तपासतो — इंदुताई, तो म्हातारा, लाल दिवा — आमचं घर नाही. ठीक. ठीक आहे.

१२ मे

फाट्यावर उतरलो. वाट पायांना ठाऊक आहे. काठीऐवजी छत्री. वडाची सावली गेली, हापशीचा आवाज गेला, वळण. शेणानं सारवलेलं अंगण. आमचंच. अजून दिसत नाही, म्हणजे वेळ आहे —

उंबरठा हाताला लागला. आई म्हणून हाक —

उजेड.

आमची भिंत, पण समोरची. कोनाडा. बाबांची टोपी. आईचे हात अगदी जवळ, झेंडू, मग हात मागे गेले. आई. किती बारीक झाली. हसते आहे. वर्षभरात पहिल्यांदा —

तिच्या मागे दारात एक माणूस उंबरठ्यावर बसला आहे. शर्टाची इस्त्री मोडलेली. डोळे मिटलेले. मांडीवर वही. हात चालतो आहे. मी पाहतो ते तो लिहितो.

आईचे ओठ हलतात. हे ओठ मला वाचता येतात. म्हणते, गोपाल येतो म्हणे, आला नाई ना हो.

आई मी इथी आहे. दारात. हाक मारतो — फोटोतलं तोंड मिटलेलं असते — आई मागं पाह. एकदा. नजर काढ माझ्यावरून अन् मागं —