विकरला काना नाही

९ ऑगस्ट

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. गेल्या पत्रानंतर या हातांनी केलेल्या वस्तू: आमच्या प्रयोगशाळेसाठी दोन उबपेट्या, एक ढवळणी, तुझ्या वहिनीच्या चष्म्याची दांडी, आणि काचेचं एक दोन खणी भांडं. भांड्याची काच मी स्वतः फुंकली. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलेलं नाही. सांधा शोधून दाखवावा कुणीही!

भांडं कशाला, ते ऐक. मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. एका खणात शरीराच्या रक्षक पेशी, दुसऱ्यात यकृताच्या. पेशी पलीकडे जात नाहीत, पाणी मात्र झिरपतं. सूज आली की रक्षक पेशींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, जागं होतं आणि एक आम्ल तयार करतं. ते झिरपून यकृताच्या पेशींत गेलं, की त्या साठलेली चरबी जाळायला लागतात. विकर नसेल तर चरबी साचतच जाते.

प्रयोगशाळेच्या आमच्या बाईंनी भिंगातून दाखवलं. विकर बंद पाडलेल्या भांड्यातल्या यकृताच्या पेशी चरबीच्या थेंबांनी ठासून भरलेल्या. वरून ते आम्ल घातलं, आणि दुसऱ्या दिवशी थेंब विरळ!

"बाई, हे माणसात होईल?"

"काका, उड्या मारू नका. अजून भांड्यातच आहे." पण म्हणाल्या हसत.

आता तुझं पत्र. म्हणे, "दादा, विकार कमी आहे असं तूच कळवलंस, म्हणून गोळ्या बंद केल्या." अगं शहाणे! बाईंच्या अभ्यासाला तू रक्त दिलंस, त्यात विकर कमी निघालं. व-ला वेलांटी, मग क, मग र. काना नाही. अर्थ अगदी उलटा. माझं अक्षर छापल्यासारखं असतं. काना तू मनानं लावलास. यकृताच्या त्या सुजेला इतकी कंटाळलीस, की लावावासा वाटला असेल. तेही कळतं मला.

तरी पत्र वाचल्या वाचल्या डॉक्टरांकडे जा. गोळ्यांचं त्यांना विचार, आपलं डोकं चालवू नकोस. आमच्या जावईबापूंना, तुझ्या नवऱ्याला, सोबत ने. "ती माझं ऐकत नाही" म्हणून सुटायचं नाही, म्हणावं. यकृत वेळेवर सांभाळलं तर सावरतं, असं डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले होते. तेवढं बरं विसरलीस!

बाईंना आता तुझ्यासारखं विकर कमी असलेल्यांच्या पेशी तपासायच्या आहेत. त्यासाठी आणखी भांडी लागतील. आज पहिलं फुंकायला घेतो.

तुझा,
दादा

ता.क. वहिनी तिखटमीठ लावून सांगेल, त्याआधी मीच सांगतो. काचसामानाच्या एका कंपनीला हे भांडं हवं होतं, माझ्यासकट. अट एकच: इथलं काम टाकून लगेच रुजू व्हायचं. मी नाही म्हटलं. वर्षाचे अठरा लाख.